आडरस्त्यावरची तार

३ फेब्रुवारी

ताई,

पोचलो. हातपाय जागेवर आहेत, पुढचा एक दात मात्र नाही. आधी दाताचंच सांगतो, नाहीतर बाकीचं न वाचता तू तेवढंच शोधत बसशील. हमरस्ता सोडून खाणीच्या जुन्या रस्त्याला लागलो आणि एका खडीच्या ट्रकवाल्याने मला मोटारसायकलसकट मुद्दाम गटारात घातलं. मी उठलो, त्याच्या केबिनच्या पायरीवर चढलो आणि कॉलर धरून त्याला खाली ओढला. तो एकटाच आहे असा माझा समज होता. क्लीनर मागे झोपला होता. दोघांनी मिळून मला यथेच्छ बडवलं, आणि मग त्यांनीच गाडी गटारातून वर काढायला हात लावला. निघताना ड्रायव्हर म्हणाला, या रस्त्याला आता कोणी येत नाही, तू कशाला कडमडलास? मी नुसता थुंकलो. त्यात दात गेला.

गाडीला काही झालेलं नाही. मामाने मागे तारेने बांधून दिलेली हत्यारांची पेटी जागची हललीसुद्धा नाही, हे त्याला सांग. फोन मात्र करू नकोस. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो, पत्रात तू निदान मला बोलू देतेस.

बाबा जिथे गेले तो रस्ता एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच ठरवून निघालो होतो. हमरस्त्यावर माणसाला काही आठवत नाही, नुसता वारा कानात भरतो. इथे दर खड्ड्याला गाडी हळू करावी लागते, आणि हळू केली की बघावंच लागतं. पुलाच्या कठड्याला गोळ्यांची भोकं आहेत, खाणीतल्या संपाच्या वर्षातली. कोणीतरी ती सिमेंटने बुजवलीत. कठडा काळा आणि सिमेंट पांढरं, त्यामुळे नुसती भोकं दिसली नसती इतकी आता दिसतात. वजनकाट्यामागे एक खोली आहे. तिथे संपवाल्यांची बोटं दगडावर ठेवून घणाने ठेचायचे. हे मला चहावाल्या म्हातारीने सांगितलं. तिच्या नवऱ्याची तीन बोटं तिथेच गेली. सांगताना ती कप विसळत होती. त्या खोलीत आता ती शेळ्या बांधते.

तिनेच आणखी एक सांगितलं. खाणीचा मुकादम जिवंत आहे. ताई, मी धरून चाललो होतो की तो केव्हाच मेला असेल. ज्याने रस्त्यात तार बांधून आपल्या बापाचा गळा कापवला तो माणूस रोज सकाळी या म्हातारीकडे चहा पितो आणि साखर कमी घाल म्हणून सांगतो.

आता मी नुसता फिरायला आलेलो नाही. लॉजच्या पत्त्यावर लिही.

ढब्बू

७ फेब्रुवारी

ढब्बू,

एक दात गेला तर फार रडू नकोस, घरी असताना तरी कुठे धड होते. तुझं पत्र नेहमीसारखं मामाला वाचून दाखवलं. त्याला आता दारातला माणूस म्हणजे नुसती सावली दिसते. तरी सकाळी माझ्याआधी गॅरेजात येऊन बाकाशी बसतो आणि हाताने चाचपून नटबोल्ट निवडतो. काल एक गाडी वळणावरून आली तेव्हाच मी म्हणाले, हिचा व्हॉल्व्ह वाजतोय. झालं, खेकसला माझ्यावर. आवाजावर जाऊ नकोस, आधी डोळ्यांनी बघ. आता याला दिसत नाही, कान तेवढे शाबूत, आणि तरी हेका तोच. जगातले सगळे मिस्त्री कानाने आजार ओळखतात, आपल्याच गॅरेजात त्याला बंदी. याच्यावरून लहानपणी आपण किती धपाटे खाल्ले.

बाबांचं तुला आठवत नाही, तू आईच्या कडेवर होतास. मला आठवतं, आणि ते तुलाही आठवावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांना हातगाडीवरून आणलं. अंगावर एक चादर होती आणि डोक्याभोवती दुसरी, वेगळी गुंडाळलेली. आई ती दुसरी सोडायला लागली तेव्हा मामाने तिचे हात धरले. तिने त्याच्या दंडाला चावा घेतला, रक्त आलं, तरी बहिणीचे हात त्याने सोडले नाहीत. मग दारात उभं राहून त्यानेच जमलेल्या लोकांना सांगितलं, मुकादमाच्या माणसांनी तार लावली, हा संपवाल्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करत होता म्हणून. लोक तसेच खाणीकडे गेले. मुकादमाचे दोन पहारेकरी त्यांना सापडले. त्या दोघांना चुन्याच्या भट्टीत टाकलं. वास आपल्या घरापर्यंत आला होता आणि आईने खिडकी लावून घेतली नाही.

तेव्हा मुकादम जिवंत आहे हे ऐकून मला काय वाटलं असेल ते तूच ओळख.

मामा मात्र म्हणतो, त्या म्हाताऱ्याला हात लावू नकोस, गाडी वळव आणि घरी ये. हे मला त्याने तीनदा लिहायला सांगितलं, मी एकदाच लिहिते. पत्रातलं यापुढचं त्याला वाचून दाखवणार नाही. माझ्या वाटणीच्या दोन मुकादमाच्या तोंडात ठेवून दे.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

बघितला त्याला. लहानखुरा निघाला. मला वाटलं होतं दारात मावणार नाही असा कोणी असेल, आणि हा आपल्या मामाच्या निम्माही नाही. बायको मेलेली, मुलगी लांब दिलेली. वजनकाट्याच्या मागे दोन खोल्या, कोंबड्या, पत्र्याचं फाटक. मी गाडी समोर लावली तर आपणहून बाहेर आला आणि गाडीची चौकशी करायला लागला. किती देते, चढाला धापा टाकते का, वगैरे. टायर काढायची पट्टी माझ्या बाहीत होती. तेवढ्यात त्याने आत जाऊन पाणी आणलं. उन्हात आलास म्हणाला.

मी ते प्यायलो. प्यायल्यावर हात उचलेना. कोणाचा मुलगा हेही मी सांगितलं नाही. लॉजवर येऊन न्हाणीच्या दारावर इतक्या बुक्क्या मारल्या की फळी फुटली आणि मालकाने मला निघून जायला सांगितलं. त्याला कसाबसा गप्प केला.

मामाला विचार, तो या माणसाला का वाचवतोय. आपल्या बहिणीला विधवा केलेला माणूस आहे हा. उद्या-परवा पुन्हा जाणार आहे. या वेळी पाणी पिणार नाही.

ढब्बू

१४ फेब्रुवारी

ढब्बू,

विचारलं. उत्तर म्हणून त्याने ताट भिंतीवर भिरकावलं. भिंत मी पुसली. दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकात गुंतलेली बघून हा काठी न घेता एकटाच बस पकडायला निघाला, तुझ्याकडे यायला. फाटकापाशीच तोंडावर पडला, कपाळ फुटलं. डॉक्टर टाके घालत होते तेव्हाही माझा हात घट्ट धरून एकच धोशा, पोराला थांबव, पोराला थांबव. बघ किती जीव आहे त्याचा तुझ्यावर. तू तुरुंगात जाशील या धास्तीने म्हातारा अर्धा झालाय. जन्मभर लग्न केलं नाही, आपल्या दोघांना वाढवलं, आणि आता तुझ्यामागे असा जीव टाकतोय. कधीतरी त्याच्या पाया पडत जा.

मी त्याला सांगितलं, थांबवते. तसं पत्र लिहिते म्हणाले आणि हे लिहितेय.

तू थांबू नयेस असं मला वाटतं. आई मरेपर्यंत दाराकडे पाठ करून झोपली. मी शाळा सोडून पाना हातात घेतला. हे त्या माणसाला कोणीतरी हाडात जाईल असं सांगितलं पाहिजे, आणि तुझ्यासारखं सांगता मला येणार नाही. जीव घेऊ नकोस, बाकी तुझ्या मनाप्रमाणे कर.

ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

हे एकटीने वाच. मोठ्याने वाचू नकोस.

मी मुकादमाला मारलं. मेला नाही. सकाळी तो कोंबड्यांचं खुराडं झाडत होता. मी फाटकातून आत गेलो, कोणाचा मुलगा ते सांगितलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत पट्टी त्याच्या खांद्यात घातली. हाड मोडलेलं मला माझ्या मनगटात कळलं. तो खाली बसला. मी बरगड्यांत लाथा घातल्या. तुझ्या वाटणीच्या दोन तोंडात दिल्या, त्याचा ओठ फाटून हनुवटीवर आला. त्याने अडवायलासुद्धा हात वर केला नाही. मला बरं वाटत होतं. हे तुला सांगायलाच हवं, मारताना मला फार बरं वाटत होतं.

मग तो म्हणाला, "ती गाडी माझी होती."

मला काही कळेना, मी पुन्हा पट्टी उचलली. तो रक्त थुंकला आणि म्हणाला, "तार माझ्यासाठी होती. तुझा बाप माझी गाडी घेऊन येत होता."

ऐक आता. संपात त्याच्या मोटारसायकलला कोणी मिस्त्री हात लावत नव्हता. त्याने बाबांकडे माणसं पाठवली, की गाडी नीट कर आणि स्वतः आणून दे, नाहीतर तुझं दुकान पेटेल आणि पोरं आत असतील. बाबांनी गाडी नीट केली आणि संध्याकाळचे एकटे निघाले. तशी जड गाडी त्या भागात दुसरी नव्हती. तिचा ठोका टेकडीपलीकडून ओळखू यायचा आणि तो ऐकला की माणसं झाडीत लपायची. त्या दिवशी कोणीतरी लपलं नाही. दोन झाडांना तार ताणून बसलं. अंधारत आलं होतं, चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ओळखीचा होता. गाडी मुकादमाने त्याच रात्री उचलून नेली, म्हणून गावाला ती दिसलीच नाही.

मी त्याला खोटारडा म्हणालो. तो म्हणाला, "बोटं मी ठेचवली. पुलावर गोळ्या घाला म्हणून मी सांगितलं. तुझा बाप माझ्यावर घालू नकोस. चल, जागा दाखवतो."

तो माझ्या मागे बसला. एक हात लोंबत होता, दुसऱ्याने त्याने माझी कंबर धरली होती, आणि दर खड्ड्याला त्याचं तोंड माझ्या पाठीवर आपटून शर्ट ओला होत होता. डावीकडे घे, आता चढाव सोड, असं सांगत त्याने मला खाणीमागच्या उतारावर नेलं. इतक्या दिवसांत मी तिथून कितीदा गेलो होतो. साधा उतार आहे, दोन्ही बाजूंना झाडं. त्यातलं एक तोडून नेलंय, बुंधा उरलाय. दुसरं उभं आहे. तार त्या वेळी पोलिसांनी मधेच कापून नेली, झाडाभोवतीचा वेढा तसाच ठेवला. झाड वाढलं आणि साल त्या वेढ्यावर चढली. बाहेर फक्त पीळ राहिलाय, बोटभर.

मी गुडघ्यावर बसून बघितला. दोन घट्ट पीळ, आणि मग टोक मागे वळवून पिळाखाली दाबलेलं, कोणाला खरचटू नये म्हणून.

पुढचं तुला सांगायला नको. आपल्या बादलीची कडी, फाटकाची साखळी, तुझ्या मोडक्या खुर्चीचा पाय. मी वळून माझ्या गाडीकडे बघितलं. मामाने बांधलेल्या पेटीला तोच पीळ होता, टोक तसंच आत दाबलेलं. मामाही तेव्हा संपात होता, खाणीतले सगळेच तसं करत असतील असं मी स्वतःला सांगून बघितलं, मुकादमाला विचारूनही बघितलं. तो म्हणाला, टोक सगळे कापून टाकायचे, वळवत बसायला वेळ कोणाला होता. हा पीळ कोणाचा ते त्याने अनेक वर्षं शोधलं होतं. त्याने मला विचारलं, तू ओळखलास का? मी नाही म्हणालो. तो माणूस मला हवाय, त्याला कशाला देऊ?

आवाजावर जाऊ नकोस, आधी डोळ्यांनी बघ. कोणी कोणाला शिकवत होतं, ताई?

मुकादमाला दवाखान्यात सोडलं. छपरावरून पडलो, असं त्याने डॉक्टरला सांगितलं. तिथून येताना मी घसरलो आणि पुढचं चाक वाकलं. ते सरळ झालं की निघतो. बहिणीच्या नवऱ्याला मारून वर मामाने दारात उभं राहून दुसऱ्याचं नाव घेतलं आणि दोन माणसं जिवंत जाळायला लावली. आईचे हात का धरले होते ते आता कळलं ना? आणि आपण त्याच्या ताटात जेवून मोठे झालो. मी येईन तेव्हा तू घरात थांबू नकोस, कोणाकडे तरी जा. मुकादमाला मारताना मी थांबलो. मामाला मारताना थांबणार नाही.

ढब्बू

२६ फेब्रुवारी

ढब्बू,

एकटीनेच वाचलं, लेथच्या मागे उभी राहून. मग तोंड धुऊन आत गेले आणि मामाला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून तुझ्या धमकीपर्यंत. ते त्याच्याबद्दल होतं, त्याला ऐकू दे म्हटलं.

तो बाकाशी बसला होता, दोन्ही हात बाकावर. पिळाचं आलं तेव्हा त्याने बोटं आत घेतली, तेवढंच. तो रडला असता, चुकलं म्हणाला असता, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. संपल्यावर तो म्हणाला, "आवाज त्याच गाडीचा होता."

बाकावर मोठा पाना पडला होता. मी तो त्याच्या उजव्या हातावर घातला. पुन्हा घातला. तो असा ओरडला की समोरचा शिंपी रस्ता ओलांडून धावत आला, आणि मी त्याच्या तोंडावर शटर ओढलं. आत वळले तर मामाने चाचपडत डावा हातही बाकावर आणून ठेवला होता. मला थांबता आलं असतं. पण त्याने आपणहून ठेवला याचाच मला जास्त संताप आला, म्हणजे शिक्षासुद्धा हाच ठरवणार. मी तोही मोडला. हाडं मोडताना बारीक आवाज होतो, तुला माहीत आहेच. मला बरं वाटलं नाही. तुला वाटलं, मला नाही वाटलं. पण मी थांबलेही नाही.

साखळी तुटून इंजिन हातांवर पडलं, असं मी डॉक्टरना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि प्लास्टर घातलं. आता त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे आहेत. खाणं, पाणी, बटणं, नाक पुसणं, सगळं माझ्याकडे आलंय. पहिल्या दिवशी मी घास त्याच्या तोंडात कोंबला, मुद्दाम मोठा. त्याला ठसका लागला, डोळे पांढरे झाले, आणि मी पाठ थोपटायला लागले. का थोपटली मला विचारू नकोस. आई गेली तेव्हा तू जेवायचा नाहीस, त्याने भरवलेलं त्याच्याच अंगावर थुंकायचास, आणि तो शर्ट पुसून पुन्हा भरवायचा. तेही याच हातांनी. मी त्यातलं एक विसरून दुसरं धरायचा फार प्रयत्न केला. ज्या दिवशी एक जमतं त्या दिवशी दुसरं उसळून वर येतं.

तू म्हणतोस घरातून जा. मी जाणार नाही. मुकादमाच्या तोंडात दोन दे म्हणून मीच लिहिलं, थांबू नकोस म्हणूनही मीच लिहिलं. मामा थांबव थांबव करत होता तेव्हा मी त्याच्या पाया पडायला सांगत होते तुला. इतकी आंधळी मी, डोळे असून. त्या म्हाताऱ्याचा खांदा निम्मा माझ्या हातून मोडलाय. आता आणखी नको. मारायला येत असशील तर मी दारात उभी असेन, आणि मी आडवी झाल्याशिवाय तू आत जाणार नाहीस. मी काय करू शकते ते तुला आता कळलंय, मलाही कळलंय.

मारायला येत नसशील तर एक काम पडलंय. त्या दिवसापासून त्याची आंघोळ झालेली नाही, अंगाला वास यायला लागलाय. प्लास्टर भिजू नये म्हणून कोणीतरी हात वर धरून ठेवावे लागतात. मी दोनदा बादली नेली. तो माझ्यासमोर कपडे काढू देत नाही, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, लाजतो. ते तुलाच करावं लागेल. ये. पाणी मी तापवून देईन.

ताई